थंड चिठ्ठी

आमच्या आणि कमळाआत्याच्या घरांमध्ये फक्त एक गल्ली होती. तिच्यात रिक्षा शिरली की चालणाऱ्याला कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागायचं. कमळाआत्या ही दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, धाकटी बहीण. तिला दिली ती समोरच्याच घरात. आजा कौतुकानं सगळ्यांना सांगायचा, "लेक दिली, पन हाकेच्या भायेर नाय दिली." शीळफाट्याच्या रस्त्यावरून आत वळलं की आमचं गाव लागायचं. महापालिकेत येऊन बरीच वर्षं झालेली, तरी डोंबिवलीची माणसं त्याला गावच म्हणायची आणि आम्हीही. दुपारी डोंगराकडून खाणीतल्या सुरुंगाचा आवाज यायचा, फळीवरची भांडी क्षणभर थरथरायची, कोंबड्या ओरडायच्या आणि पुन्हा सगळं गप्प. आजा तरुणपणी खाडीपलीकडच्या मिठागरात कामाला जायचा. मिठागर बंद पडलं, मग भाताची शेतं होती, मग तीही बिल्डरांकडे गेली. तरी जेवायला बसल्यावर तो ताटातलं मीठ बोटांनी चोळून बघायचा आणि पुटपुटायचा, "ह्या काय मीठ हाय? भुकटी हाय नुसती."

स्वयंपाकघराच्या खिडक्या समोरासमोर होत्या. सकाळी आईनं तांदळाची पहिली भाकरी तव्यावर टाकली की पलीकडून आत्याचा आवाज यायचा, "वैनी, काय केलंस?" आणि आईनं कालवण सांगितलं की आत्या काहीतरी वेगळं करायची, म्हणजे दोन्ही घरांत दोन्ही चवी पोचायच्या. आमच्याकडे वालाचं बिरडं असलं तर तिच्याकडे सुक्या जवळ्याची चटणी. चिंबोऱ्या, खाडीतले खेकडे, मात्र आत्याच्याच हातच्या. तिला मूल नव्हतं. मी तिच्याकडेच जास्त असायची. माझ्या वेण्या तिनं घातल्या, दहावीच्या परीक्षेला ती माझ्याबरोबर डोंबिवलीला येऊन शाळेबाहेर उन्हात बसून राहिली. आजा राहायचा आमच्याकडे, पण संध्याकाळचं जेवण लेकीकडे. दिवेलागणीला तो काठी टेकत गल्ली ओलांडायचा, आणि आई मागून ओरडायची, "मामंजी, चप्पल घाला." तो कधी घालायचा नाही.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. त्याआधी दादा आणि आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, दोघांचीही दोन-तीन वर्षं तयारी चाललेली. दोघांचे पक्ष वेगवेगळे. पक्षांची नावं मी लिहीत नाही, कारण त्यानंतर दोघांनीही ते इतक्यांदा बदलले की आता सांगून काही कळायचं नाही. आरक्षण निघाल्याचं समजलं त्या दिवशी दादा ओट्यावर डोकं धरून बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आईला स्टुडिओत नेऊन फोटो काढला. समोरच्या घरात तेच झालं. संध्याकाळी आत्या आमच्या स्वयंपाकघरात आली आणि पाटावर बसून हसत सुटली. "वैनी, मना उभी करतात." आई म्हणाली, "मना पन." दोघी इतक्या हसल्या की आईच्या हातातलं पीठ सांडलं. बॅनर लागले तेव्हा दोघींच्या अंगावर एकच साडी निघाली, दिवाळीला डोंबिवलीच्या एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेली. लोक चेष्टा करायचे, कुणालाही मत द्या, साडी तीच निवडून येणार.

पहिला आठवडा असाच गेला. दोघी सकाळी प्रचाराला निघायच्या, दुपारी खिडकीतून एकमेकींना पाय दुखतात म्हणून सांगायच्या. पण निवडणूक बायकांच्या नावावर असली तरी चालवत होते पुरुष, आणि पुरुषांना हसू येत नव्हतं. आधी आतोबांच्या बाजूनं पत्रक निघालं की आई चौथी नापास आहे, महापालिकेत जाऊन अंगठा लावणार का? आईनं ते मला वाचायला लावलं, ऐकलं आणि म्हणाली, "नापास नाय, शाळाच सुटली." मग आमच्या बाजूची प्रचाराची रिक्षा गल्लीत शिरली. भोंग्यावर कोण होता मला माहीत नाही, बाहेरून भाड्यानं आणलेला आवाज होता. तो म्हणाला, ज्यांना स्वतःचं घर फुलवता आलं नाही त्या वॉर्ड काय फुलवणार? आई तव्यावरची भाकरी तशीच टाकून, ओल्या पिठाच्या हातांनी रिक्षासमोर जाऊन उभी राहिली. "बंद कर. बंद कर आधी." रिक्षावाला घाबरून थांबला. आईनं वर बघितलं. आत्या खिडकीत होती. तिनं खिडकीचं दार ओढून घेतलं. भाकरी करपल्याचा वास घरभर पसरलेला. त्या दिवशी आई आणि दादांचं मोठं भांडण झालं. दादा सारखं एकच म्हणत होते, "मी सांगितलेलं नाही." सांगितलेलं नसेलही. पण थांबवलंही नव्हतं.

मतदानाच्या दिवशी गावच्या शाळेतल्या केंद्रावर यंत्र मधेच बंद पडलं. दुसरं आणेपर्यंत बराच वेळ गेला, ऊन चढलं, रांगेतली माणसं कंटाळून घरी गेली. त्यातली बरीच परत आलीच नाहीत. आतोबांची माणसं म्हणाली, गेलेली मतं आमची होती. दादांची माणसं म्हणाली, आमची होती. खरं तर त्या रांगेत दोन्हीकडची माणसं होती आणि बरीचशी कुणाचीच नव्हती.

मोजणी डोंबिवलीत एका शाळेच्या सभागृहात होती. आईच्या वतीनं आत बसायला दादांनी मला पाठवलं. ते स्वतः बाहेर थांबले, त्यांना आत बसवत नव्हतं. आत्याच्या वतीनं आतोबा आत होते. आम्ही दोघं एकाच बाकावर, मधे एक माणूस बसेल एवढी जागा सोडून बसलेलो. सुरुवातीला त्यांनी मला विचारलं, "चहा घेतलास का गो?" ती त्यांची माझ्याशी बोलायची रीतच होती. मग आकडे येऊ लागले आणि ते बोलायचे थांबले. शेवटचं यंत्र झालं तेव्हा अधिकाऱ्यांनी दोनदा बेरीज केली, चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा केली. दोघींची मतं सारखी. आतोबांनी फेरमोजणी मागितली. पुन्हा सारखीच. तेव्हा त्या अधिकाऱ्यांनी नियम वाचून दाखवला. मतं समान पडली तर चिठ्ठी टाकायची.

पुढचं मला आजही डोळ्यांसमोर दिसतं, आणि ते नीट लिहून ठेवणं हेच हे प्रकरण लिहिण्यामागचं कारण आहे. एकाच कागदाचे दोन सारखे तुकडे फाडले. दोन्हीवर आमच्यासमोर नावं लिहिली. आम्हा दोघांना दाखवली. चार घड्या घातल्या. चहावाल्याकडून बिस्किटांची रिकामी बरणी आणली, ती उलटी करून आपटली, आतला चुरा पडला. चिठ्ठ्या टाकून बरणी हलवली. बंदोबस्तावरच्या एका महिला पोलिसाची लहान मुलगी शाळा सुटल्यावर आईकडे आली होती. तिला बोलावलं. ती लाजत होती, हात फ्रॉकला पुसत होती. तिनं डोळे घट्ट मिटले आणि एक चिठ्ठी काढली. अधिकाऱ्यांनी ती उघडून आधी आतोबांच्या हातात दिली. त्यांनी वाचली आणि माझ्याकडे सरकवली. आईचं नाव होतं. कागद त्या मुलीच्या घामानं दमट झालेला, कोमट. मी तो कितीतरी वेळ धरून ठेवला. मला आनंद झाला नाही. मी आतोबांकडे बघितलं. ते उठले आणि मागे न बघता निघून गेले.

अधिकाऱ्यांच्या टेबलावर गार पाण्याची एक बाटली होती. त्या बाटलीवरूनच सगळं सुरू झालं असावं. आमची मिरवणूक गावात पोचण्याआधीच ती गोष्ट गावात पोचली होती. चिठ्ठी बर्फात ठेवलेली, पोरीला आधीच शिकवून ठेवलेलं, हाताला थंड लागेल ती काढ. कोण म्हणालं, कुणी पाहिलं, कुणालाच सांगता येत नव्हतं. पण यंत्र बंद पडलं होतं, हे खरं होतं, आणि त्या खऱ्याच्या बाजूला हे खोटं मांडी घालून बसलं. गुलाल उधळत माणसं आमच्या दारात आली तेव्हा समोरच्या घराला आतून कडी होती. आजा ओट्यावर बसलेला. कुणीतरी त्याच्या कपाळाला गुलाल लावला. त्यानं तो उपरण्यानं पुसून टाकला आणि विचारलं, "कमळी कुठं हाय?"

आतोबा कोर्टात गेले. सुरुवातीला त्यांच्या तोंडी थंड चिठ्ठीचा शब्द नव्हता. यंत्र, रांग, वेळ, एवढंच ते बोलायचे. चिठ्ठी त्यांच्याही हातात आली होती, ती कशी लागली ते त्यांना माहीत होतं. पण रोज ओट्यावर जमणारी माणसं रोज तेच म्हणत राहिली आणि एक दिवस तेही म्हणू लागले. मला वाटतं, पुढे त्यांचा त्यावर खरोखरच विश्वास बसला. खोटं बोलतोय हे ठाऊक असलेला माणूस कधीतरी थकतो. ते कधीच थकले नाहीत.

आई नगरसेविका झाली. कल्याणला सभेला जायची तेव्हा दादांची गाडी असायची, पण दादा सोबत असले की तिला अवघडायचं, म्हणून बऱ्याचदा ती शेअर रिक्षानंच जायची. ओट्यालगतच्या खोलीत टेबल टाकलेलं, त्यावर शिक्का आणि कोरे कागद. सकाळी ती तिथं बसायची. रहिवासी दाखला हवा असला की लोकांना नगरसेवकाची सही लागते. अर्ध्या गावानं तिची सही घेतली नाही. शाळेच्या प्रवेशाला, रेशनकार्डाला, पासपोर्टला ती माणसं शेजारच्या वॉर्डात जाऊन दुसऱ्या नगरसेवकाकडून दाखला आणायची. आमच्या ओट्यासमोरून जायची आणि मान वळवायची. "बर्फवाली" हे नाव तेव्हाच पडलं. तिनं पाठपुरावा करून मागच्या आळीला पाण्याची लाइन आणली, तेव्हा त्या आळीतल्या काही घरांनी जोडणी घ्यायला महिनोन्महिने नकार दिला. टँकरचं पाणी प्यायले, पण तिच्या नळाचं नाही. संध्याकाळी ती पुस्तक उघडून बसायची. मी तिला सभेची कागदपत्रं वाचायला शिकवत होते. एकदा ती मान वर न करता म्हणाली, "हरले असते तर बरं झालं असतं गो. कमळीनं वॉर्ड नीट चालवला असता. ती धीट हाय."

आत्यानं खिडकीला आतून प्लायवूड ठोकलं. मला वाटायचं ते आतोबांनी ठोकलं असेल. पुढे कळलं, तिनंच. मी एकदा तिला भाजीवाल्याकडे गाठलं आणि म्हटलं, "आत्या, मी तिथं होते. तसं काही झालं नाही." तिनं पिशवी काखेत घेतली. म्हणाली, "तू तिची पोर हायेस. तू आनि काय बोलनार?" ज्या बाईनं मला वाढवलं तिच्या तोंडून "तिची पोर" हे शब्द ऐकले आणि मी भाजी न घेताच घरी आले.

आजा मात्र रोज संध्याकाळी गल्ली ओलांडायचा. दोन्ही बाजूंचे लोक त्याच्याकडे रागानं बघायचे, त्याला काही नव्हतं. मग एका संध्याकाळी आतोबा दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "मामा, तुमी या. पन तुमच्या सुनेला सांगा, गावासमोर खरं काय ते कबूल कर म्हनावं. त्याशिवाय ह्या घराचा त्या घराशी संबंध नाय. आनि ह्या घरची बाय पन तिकडं पाय ठेवनार नाय." आजा तिथंच थोडा वेळ काठीवर भार देऊन उभा राहिला. मागं फिरला. त्या दिवसापासून तो संध्याकाळचं जेवायचाच नाही. आई ताट वाढून ठेवायची, तो म्हणायचा, "भूक नाय." वय झालंच होतं. पण उपाशी झोपण्यानं माणूस आतून वाळत जातो, तो तसा डोळ्यांदेखत वाळत गेला.

तो गेला सकाळी, चहा पिऊन झाल्यावर. कप खाली ठेवला, भिंतीला टेकला आणि मान कलली. बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. माणसं जमली, पण आमच्याच बाजूची. आमच्यात लेकीनं तोंडात पाणी घातल्याशिवाय बापाला उचलत नाहीत. समोरच्या घराचं दार उघडं होतं, आतोबा त्यांच्या माणसांबरोबर ओट्यावर खुर्च्या टाकून बसलेले, आणि आतून आत्याचं रडणं ऐकू येत होतं. मोठ्यानं नाही, कुणीतरी तोंडात पदर कोंबल्यासारखं. गल्लीच्या दोन्ही बाजूंना माणसं आणि मधे रिकामी जागा. कुणीतरी दादांना म्हणालं, "जा, बहिणीला घेऊन ये." दादा म्हणाले, "तिला घर माहीत आहे. ती आपल्या पायानं येईल." ऊन वर आलं. आज्याला अंगणात आणून ठेवलेलं. आतोबांच्या बाजूनं एक म्हातारा येऊन सांगून गेला, "ते म्हनतात, एक शब्द बोला, खोटं झालं एवढंच बोला, मग सगलं घर येल." दादा ओरडले, "बापाच्या मयतावर सौदा करतोस काय?" दोन्ही बाजूंची पोरं बाह्या सरसावून उभी राहिली. मला वाटलं, आता आज्याच्या तिरडीसमोर डोकी फुटणार.

आई आज्याच्या पायाशी बसली होती. ती उठली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि चालू लागली. दादांनी हाक मारली, "हिरा." तिनं ऐकलं नाही. ती गल्ली ओलांडून समोरच्या ओट्याखाली जाऊन उभी राहिली. आतोबा खुर्चीतून उठले नाहीत.

"काय?" ते म्हणाले. "नगरसेविका म्हनून आयलीस का सून म्हनून?"

"कमळीला पाठवा," आई म्हणाली. "बापुस वाट बघतंय."

"आमचं म्हननं कललं ना तुला?"

आईनं एकदा त्या अर्ध्या उघड्या दाराकडे बघितलं. मग मागं वळून आमच्या सगळ्यांकडे बघितलं, माझ्याकडेही. आणि मोठ्यानं, सभेत ती कधी बोलली नव्हती एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "चिठ्ठी थंड होती. आमी ठेवलेली. झालं? आता पाठवा तिला."

आतोबांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी इतके महिने जे मागितलं होतं ते मिळालं आणि क्षणभर ते घाबरलेले दिसले. पूर्ण गल्लीत तेव्हा चारच माणसांना ठाऊक होतं की हे खरं नाही: आईला, दादांना, मला आणि, कितीही विश्वास बसवून घेतला असला तरी, त्यांना. तेवढ्यात त्यांना बाजूला सारून आत्या बाहेर आली. अनवाणी, केस सुटलेले. ती आईच्या अंगावरच येऊन पडली. दोघी एकमेकींना धरून गल्लीतून चालत आल्या, पण कोण कुणाला धरतंय ते कळत नव्हतं. आत्यानं बापाचा चेहरा पुसला, तुळशीच्या पानानं तोंडात पाणी घातलं, आणि मग जी किंचाळली ती पलीकडच्या रस्त्यापर्यंत ऐकू गेली असेल. आतोबांची माणसंही एकेक करून आली. आज्याला दोन्ही घरांनी मिळून खांदा दिला.

स्मशानातून माणसं परत आली तोपर्यंत ती गोष्ट पार ठाकुर्लीपर्यंत गेलेली. तिनं स्वतः कबूल केलं. स्वतःच्या तोंडानं. सासऱ्याच्या प्रेतासमोर माणूस खोटं बोलत नाही. दहावं झाल्यावर दादा एवढंच म्हणाले, "पक्षातली माझी पंधरा वर्षं तू एका वाक्यात घालवलीस." त्यानंतर कित्येक महिने त्यांनी आईशी बोलणं टाकलं. ताट हवं असलं की मला सांगायचे. पक्षानं आईला कमिटीवरून काढलं. मी कोर्टात प्रतिज्ञापत्र दिलं, चिठ्ठी कशी लिहिली, कशी काढली, हाताला कशी लागली, सगळं. आतोबांच्या वकिलांनी मला शांतपणे विचारलं, "म्हणजे तुमची आई खोटं बोलली, असं तुमचं म्हणणं?" मी "हो" म्हणाले. आई मागच्या बाकावर बसली होती. तिला बोलावण्याची वेळ आलीच नाही. तारखा पडत गेल्या, न्यायाधीश बदलले, आणि आईची मुदतच संपली. मग कोर्टानं म्हटलं, आता या दाव्यात काही उरलेलं नाही. कोण खरं, कोण खोटं, यावर एक अक्षर न लिहिता तो निकाली निघाला. पुढच्या वेळी वॉर्ड खुला झाला. दोन्ही घरांना तिकीट मिळालं नाही.

आता त्या जागी गल्ली नाही. दोन्ही घरं पाडून एक इमारत उभी राहिली, दोन्ही कुटुंबांना तिच्यात फ्लॅट मिळाले. दादा आणि आतोबा आज एकाच पक्षात आहेत. वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या बॅनरवर त्यांचे फोटो शेजारी-शेजारी असतात, आणि लिफ्टमध्ये भेटले की ते मेट्रोच्या कामाबद्दल बोलतात. पुरुषांचं असं जुळून गेलं. गावाचं मात्र जुळलं नाही. अजूनही टपरीवर कुठल्याही निवडणुकीचा निकाल निघाला की कुणीतरी म्हणतं, "आमच्याकडे तर चिठ्ठी बर्फात ठेवलेली," आणि दुसरा कुणीतरी उठून निघून जातो.

आत्याचं मला नीट समजायला फार वर्षं लागली. अंत्ययात्रेनंतर ती आईशी बोलू लागली होती, सणाला यायची, पण पूर्वीसारखी पाटावर बसून हसली नाही. मला वाटायचं, भोंग्यावरचं ते वाक्य तिच्या मनातून गेलं नसेल. गेल्या वर्षी ती ठाकुर्लीच्या एका हॉस्पिटलात होती. पोट फुगलेलं, हात काटक्यांसारखे. आई आणि मी दुपारी गेलो. आईनं तिच्यासाठी मऊ भात आणि निवट्यांचं, खाडीतल्या चिखलातल्या मासळीचं, पातळ कालवण नेलं होतं. तिनं दोन घास खाल्ले. मग आईचा हात धरून म्हणाली, "वैनी, एक बोलू? तू मना फसवलीस त्याचा मना लय राग होता. मी जिंकले असते तर माजा जन्म जरा येगला झाला असता. पन तू गावासमोर खरं बोललीस. येवढी हिंमत कोनाची नाय. म्हनून मी कवाच तुला माफ केलेली हाय."

मी तोंड उघडलं. आईनं माझ्याकडे बघितलंही नाही, फक्त म्हणाली, "सुवर्णा, खाली जाऊन चहा घेऊन ये गो." मग आत्याच्या हातावर थोपटत म्हणाली, "होय कमळे. चुकलंच आमचं." आत्यानं डोळे मिटले. इतक्या वर्षांत तिचा चेहरा एवढा सैल झालेला मी पाहिला नव्हता. मी चहा आणायला गेले आणि जिन्यातच उभी राहिले.

येताना रिक्षात मी आईला म्हटलं, "तिला खरं सांगायचं होतंस. आता तरी." आई बाहेर बघत होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पत्रे ठोकून कामं चाललेली, धूळ आत येत होती. तशीच बघत ती म्हणाली, "काय सांगू? बापाचं तोंड बघायला तुला खोटं बोलून नेली, हे सांगू? एवढंच तिच्यापाशी उरलंय. तेवढं राहू दे तिला."

"आणि तुझ्यापाशी काय उरलं?"

ती पदराचं टोक नाकाला लावून घरापर्यंत तशीच बसून राहिली.

आत्या पुढच्या आठवड्यात गेली. या वेळी कुणाला बोलावून आणावं लागलं नाही. पार्किंगमध्ये मांडव घातलेला. दादा आणि आतोबा एकाच बाकावर बसून येणाऱ्यांना हात जोडत होते, पक्षाच्या कार्यालयातून मोठा हार आला होता. बायका एका बाजूला बसल्या होत्या. आई सगळ्यांत मागे, भिंतीला टेकून. तिच्या पुढे बसलेली एक म्हातारी आपल्या नव्या सुनेच्या कानाशी लागून सांगत होती, "ती बघ, मागं. तीच ती बर्फवाली." सुनेनं वळून बघितलं. आईनं ते ऐकलं होतं. ती हळूच गुडघ्यावर हात टेकून उठली, पदर सारखा केला आणि कमळाआत्याला पाणी घालायला रांगेत जाऊन उभी राहिली.